दमसास : वयाचा की सवयीचा?

(द्वितीय वर्ष, कला)

आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर लाखो माणसे पायी चालून जातात. त्यांत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या, साठी ओलांडलेल्या बायाही असतात. तेथे त्यांना 'झेपेल का?' असे कोणी विचारीत नाही. पण त्यांचीच नात पहाटे रस्त्यावर धावू लागली की गाव कुजबुजू लागते. आमच्या गावातील चार-पाच मुली पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावण्याचा सराव करतात. माझी चुलतबहीण त्यांपैकी एक. "बाईच्या जातीला हे सोसत नाही," असे आजी म्हणते. "माझं आता वय झालं," असे म्हणून माझी आई टेकडीवरच्या देवळाला जाणे टाळते. तिचे वय अवघे पंचेचाळीस. या दोन वाक्यांत तथ्य किती? शरीरशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच, तेव्हा असे प्रश्न घरचे मलाच विचारतात. म्हणून ग्रंथालयात बसून जे समजले ते येथे मांडते.

प्रथम 'दम' म्हणजे काय ते पाहू. हवेतील प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात येतो, हृदय ते रक्त स्नायूंकडे ढकलते आणि स्नायू त्यातून शक्ती निर्माण करतात. या साखळीची क्षमता म्हणजेच दम. नियमित धावणाऱ्याच्या शरीरात पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. पुढे हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो व एका ठोक्याला अधिक रक्त बाहेर पडते. म्हणूनच सामान्य माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला सत्तरेक ठोके देते, तर कसलेल्या धावपटूचे चाळीस-पन्नास ठोक्यांत तेवढेच काम उरकते. स्नायूंत सूक्ष्म केशवाहिन्या वाढतात आणि पेशींतील शक्तीची केंद्रे, म्हणजे तंतुकणिका, संख्येने व आकाराने वाढतात. जॉन हॉलोझी या शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये उंदरांना धावावयास लावून ही गोष्ट दाखवून दिली.

आता वयाचा प्रश्न. वयाबरोबर हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात, हे खरे आहे. व्यायामानेही ते थांबत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी दम सुमारे एक दशांशाने घटतो; मात्र व्यायाम न सोडणाऱ्यांत ही घट पुष्कळच मंद असते. याविषयी अमेरिकेतील डॅलस येथील प्रयोग उद्बोधक आहे. १९६६ साली वीस वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्यांचीच पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वयापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानेच दम अधिक घटला होता! मग पन्नाशीतील त्या गृहस्थांनी सहा महिने हळूहळू व्यायाम वाढवीत नेला आणि सरावापूर्वी विशीत होता तेवढा दम परत मिळविला. विशीत सराव करून गाठलेली उंची मात्र त्यांना पुन्हा गाठता आली नाही. म्हणजे वय आपला वाटा घेतेच, पण त्याच्या नावावर आपण आळसाचाही हिशेब मांडतो.

दुसरा प्रश्न स्त्री-पुरुष भेदाचा. वयात येईपर्यंत मुलामुलींच्या दमात फारसा फरक नसतो. नंतर मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन वाढते, स्नायू व हृदय मोठे होते. त्यामुळे उत्तम धावपटूंतही सुमारे दहा टक्क्यांचे अंतर राहते. परंतु सरावाने होणारी प्रगती, आपापल्या मूळ क्षमतेच्या प्रमाणात, दोघांत जवळपास सारखीच असते. शिवाय लांब पल्ल्याला स्त्रीचे शरीर चरबीचे इंधन अधिक प्रमाणात वापरते व साखरेचा साठा राखून ठेवते.

जगाला हे पटावयास वेळ लागला. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया ८०० मीटर धावल्या. त्या कोसळल्या अशी अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांत आली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद झाली. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली प्रथम ऑलिंपिकमध्ये आली. आणि २०१६ मध्ये सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली!

मग आमच्या मुलींना धाप का लागते? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आहे. हिमोग्लोबिनच अपुरे असेल तर प्राणवायू वाहून न्यावयाचा कोणी? यात दोष बाईच्या जातीचा नव्हे, तिच्या ताटाचा आहे. घरात ती सर्वांच्या शेवटी जेवते आणि उरेल तेवढेच जेवते. उपाशीपोटी सराव केला तर पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात. म्हणून धावणाऱ्या मुलीला पालेभाजी, कडधान्ये, हळीव व सोबत लिंबू पोटभर मिळाले पाहिजे, आणि रक्ताची तपासणीही झाली पाहिजे.

मैत्रिणींनो, आरंभ बेताने करावा. चालताना शेजारणीशी बोलता येईल इतक्याच वेगाने, पण नेमाने. आठ दिवसांच्या उत्साहाने काही साधत नाही. आणि बंधूंनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे : पहाटे बहीण धावून आली, तर त्या दिवशी तिला पहिल्या पंगतीला बसवा.