बकासुराचा करार

मराठी कथा-कादंबरीतील खलनायक अलीकडे बदलला आहे. पूर्वी तो मिशीला पीळ देत यायचा आणि शेवटी पोलिसांच्या हाती लागायचा. आता तो बालपणीची जखम घेऊन येतो. बाप दारुडा, आई लवकर गेलेली, शाळेत अपमान. एवढे सांगितले की पात्र गुंतागुंतीचे झाले, असे लेखकाला वाटते. प्रत्यक्षात वाचकाला दया येते आणि धाक निघून जातो. शोकात्म भूतकाळ असूनही धाक टिकवणारा खलनायक कसा घडतो, हा प्रश्न मला काही वर्षे सतावतो आहे. त्याचे एक उत्तर आमच्या जिल्ह्यातल्याच एका राक्षसाजवळ आहे.

वर्धा-नागपूर रस्त्यावरचे, सेलू तालुक्यातले केळझर टेकडीवरच्या गणपतीसाठी प्रसिद्ध आहे. स्थानिक परंपरेनुसार हीच महाभारतातील एकचक्रानगरी. भीमाने बकासुर मारला तो येथेच. बिहारमधील आरा आणि बंगालमधील बीरभूम येथेही हाच दावा केला जातो. त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. आपल्या कामाचा आहे तो आदिपर्वातील बकवधाचा पाठ. संस्कृत मी कोश हाताशी ठेवून घरीच शिकलो. हे प्रकरण मुळातून वाचले तेव्हा कीर्तनात ऐकलेला नुसता खादाड बकासुर त्यात सापडला नाही.

पांडव ज्या ब्राह्मणाच्या घरी राहतात, तो कुंतीला जे सांगतो ते लक्ष देऊन वाचण्यासारखे आहे. या प्रदेशाचा राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो. तो दुबळा आहे, प्रजेच्या रक्षणाचा उपाय करीत नाही. परचक्रापासून नगराचे रक्षण करतो तो बक. त्याचे वेतन ठरलेले आहे : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. घरागणिक पाळी लागते. पाळी चुकवू पाहणाऱ्याचे बायकापोरांसह कुटुंब संपते. ब्राह्मण आणखी एक गोष्ट सांगतो : आपल्या जागी पाठवायला माणूस विकत घ्यावा, तर तेवढे धन आपल्याजवळ नाही.

बकाला येथे बालपण दिलेले नाही, तरी त्याला पूर्वकथा आहे. ती त्याच्या मनातली नसून त्याच्याभोवतालच्या व्यवस्थेतली आहे. राजाने जागा रिकामी सोडली, त्या जागेवर तो बसला. नगराने ते मान्य केले, कारण दुसरा रक्षक नव्हता. नैतिक गुंता येथे सुरू होतो. दुसरी गोष्ट मांडणीची. बक स्वतः फार थोडा बोलतो. प्रकरणाचा मोठा भाग त्या ब्राह्मणाच्या घरातल्या प्रसंगाला दिला आहे. नवरा, बायको, मुलगी, प्रत्येकजण ‘मी जातो’ म्हणून भांडतो. लहानगा मुलगा हातात काडी घेऊन राक्षसाला मारायला निघतो. राक्षस मोठा होतो तो त्या घरामुळे.

आता आधुनिक उदाहरण पाहू. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले. इतिहासातला घाशीराम सावळदास 1777 पासून पुण्याचा कोतवाल होता आणि 1791 मध्ये जमावाच्या दगडांनी मारला गेला. तेंडुलकरांनी त्याला कनोजहून आलेला परका ब्राह्मण केले, चोरीच्या खोट्या आळात मार खायला लावला. येथपर्यंत आपण त्याच्या बाजूचे असतो. मग तो सूडासाठी कोतवाली मिळवतो आणि किंमत म्हणून स्वतःची मुलगी गौरी नानाला देतो. अपमान त्याच्यावर लादलेला होता. मुलगी देणे हा त्याचा निर्णय. शोकांतिका घडते ती या दुसऱ्या क्षणी. किंमत तो स्वतः भरत नाही, निरपराध गौरी भरते. म्हणून दुःख समजूनही आपण त्याला माफ करू शकत नाही. आणि त्याला कोतवालीवर बसवणारा नाना शेवटी त्याला जमावाच्या स्वाधीन करून मोकळा होतो.

यातून मी तीन प्रश्न काढले आहेत. खलनायक कोणी सोडलेल्या जागेवर बसला आहे? मागे फिरणे शक्य असताना त्याने कोणता निर्णय घेतला? त्याची किंमत कोणत्या घराने भरली?

आमच्याकडच्या कथांतला सावकार या प्रश्नांपुढे उभा करून पाहा. थकबाकीदाराला बँक नवे पीककर्ज देत नाही. पाऊस मात्र थांबत नाही. पेरणीच्या तोंडावर, रात्रीसुद्धा, रोख पैसे मोजणारा एकच माणूस गावात असतो. तारण म्हणून तो शेताचे विक्रीखत करून घेतो. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात अशी जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे, परंतु पुढच्या वर्षी बियाणे घ्यायला त्याच्याच दारात जायचे असते. समजा, या सावकाराच्या बापाची चार एकर कपाशीची जमीन अशाच विक्रीखतात गेली होती. हे फक्त त्याचे दुःख झाले. शाळेतला सोबती समोर बसला असताना त्याने पहिला मुद्रांक पुढे सरकवला, तो क्षण लिहिला तर तो खलनायक होईल. आणि त्या सोबत्याच्या घरातली रात्र लिहिली, तर वाचकाला त्याची भीती वाटेल. नुसता क्रूर सावकार रंगवला, तर बँक आणि सरकार दोघेही कथेतून अलगद सुटतात. लेखकाकडून होणारा हा अन्याय थोडाथोडका नाही.

बक मेल्यावर एकचक्रेचे नागरिक उत्सव करतात. घाशीराम मेल्यावर नानाही पुण्याला उत्सव करायला सांगतो. वेत्रकीयगृहातल्या राजाचे पुढे काय झाले, हे त्या प्रकरणात येत नाही. आपल्या कथेत तेवढे एक पान उत्सवानंतर लिहावे, असे मला वाटते.