नारूची हद्दपारी

सार्वजनिक आरोग्याचा विषय निघाला की लस, इस्पितळ आणि नामांकित धन्वंतरी हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु ज्या रोगावर अद्याप ना लस सापडली ना रामबाण औषध, तो नारू या देशातून समूळ नाहीसा झाला, आणि तोही मुख्यतः गवंड्याच्या थापीने व पाणी गाळण्याच्या फडक्याने, या पराक्रमाचे व्हावे तितके कौतुक झालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नारू म्हणजे दोऱ्यासारखा बारीक, परंतु दोन हातांपर्यंत वाढणारा कृमी. त्याची मादी वर्षभर माणसाच्या देहात गुपचूप वाढते व बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. तेव्हा जी आग होते ती शमविण्यासाठी रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवतो, आणि त्याच क्षणी ती मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर त्या अळ्या गिळतात, आणि ते पाणी न गाळता जो पितो त्याच्या पोटी पुढल्या वर्षाची यातना रुजते. काडीवर रोज थोडथोडा गुंडाळीत तो बाहेर काढावयाचा, मध्येच तुटला तर पाय सुजून पू व्हावयाचा, आणि हे बहुधा शेतीची कामे तोंडावर आलेली असताना! जीव सहसा जात नसे, हंगाम मात्र जाई; म्हणूनच की काय, सरकारदरबारी या व्याधीची दाद फार उशिरा लागली.

सायक्लॉप्सचे हे मर्म अलेक्सेय फेडचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने मध्य आशियात 1870 च्या सुमारासच उलगडले होते. त्यानंतर शतकभर ज्ञान होते, बंदोबस्त नव्हता. भारताची राष्ट्रीय मोहीम 1983-84 मध्ये सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग ठाण मांडून होता आणि 1984 साली सुमारे 40 हजार रुग्णांची नोंद झाली. आरोग्य सेवकांनी घरोघर फिरून रुग्ण हुडकले, त्यांच्या जखमा बांधून त्यांना पाण्यात उतरू दिले नाही, पाण्यात टेमेफॉस हे औषध टाकले, हातपंप बसविले आणि पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून पोहऱ्याची सोय केली. हे शेवटचे काम केवळ गवंड्याचे नव्हते. बारवेत कोणी उतरावे आणि कोणी दूर थांबावे हे जेथे जातीवरून ठरत आले, तेथे विहिरीला हात लावणे म्हणजे साऱ्या गावकीला हात लावणे होय. कायद्याचा बडगा अशा ठिकाणी लंगडा पडतो, आणि ओळखीच्या परिचारिकेचा शब्द कामास येतो.

जुलै 1996 मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात अखेरचा रुग्ण सापडला. त्यानंतरही तीन वर्षांहून अधिक काळ डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवण्यात आला, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला. आफ्रिकेत तो अजून तुरळक उरला आहे, आणि चाड देशात तर कुत्र्यांनाही त्याची लागण झाल्याने तेथील काम बिकट झाले आहे.

अलीकडे आपल्याकडे जुन्या बारवांचा गाळ काढून त्यांचा जीर्णोद्धार करण्याची स्तुत्य हौस वाढली आहे. ती वाढावीच, पायऱ्या पुन्हा उजळाव्यात. पिण्याचे पाणी मात्र तेथे पाय बुडवून भरू नये, एवढी विनंती.