पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या लग्नाची बोलणी चालू होती. दादा जोडारी आहे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत फिटर. दहावीनंतर दोन वर्षे आयटीआय, मग कारखान्यात शिकाऊ उमेदवारी आणि आता नोकरी, असा त्याचा प्रवास. मुलीकडचे एक वयस्कर गृहस्थ सुपारी कातरता कातरता म्हणाले, “म्हणजे मुलगा तसा शिकलेला नाही.” काकांनी बाजू सावरावी म्हणून माझ्याकडे बोट दाखवले, “हा आमचा बी.ए.ला आहे की!” माझी तिसऱ्या वर्षाची फी दादाने भरली होती. ते त्या बैठकीत कोणी बोलले नाही. मीही बोललो नाही.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला. दादाचे प्रमाणपत्र आणि माझी होऊ घातलेली पदवी यांची तुलना करायचीच झाली, तर ती कशाच्या आधारे करायची? त्या निमित्ताने थोडी चौकशी केली, नियम वाचले. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एक भाऊ कला शाखेत आणि एक आयटीआयमध्ये असतोच.

दादाच्या प्रमाणपत्रामागचा इतिहास लहान नाही. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही आयटीआयच्या फलकांवरची नावे तिच्यातूनच घरोघरी गेली. (वेल्डरला ‘संधाता’ म्हणणाऱ्या भाषातज्ज्ञाला माझा नमस्कार असो, आमच्या गावात मात्र त्याला वेल्डरच म्हणतात.) १९६१ साली शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला आणि कारखान्यात हात घालून शिकण्याला सरकारी चौकट मिळाली. परंतु हे प्रमाणपत्र दहावी-बारावी-बी.ए.च्या रांगेत नेमके कोठे बसते, याचे उत्तर कोणी दिले नव्हते. दोन रांगा समांतर चालल्या होत्या आणि एका रांगेतला माणूस दुसऱ्या रांगेकडे बघून आपापल्या समजुतीप्रमाणे लहान-मोठे ठरवीत होता.

डिसेंबर २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला. त्यात माणूस किती वर्षे वर्गात बसला एवढेच न पाहता, त्याला काय येते, किती अवघड काम तो करू शकतो आणि दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी किती घेऊ शकतो, यावरून पायऱ्या ठरवल्या. प्रथम त्या दहा होत्या. २०२३ मध्ये फेररचना होऊन आठ झाल्या आणि मधे अर्ध्या पायऱ्याही आल्या. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शाळा, महाविद्यालय आणि कौशल्य शिक्षण यांना एकच माप लावले: एका वर्षाचे शिक्षण म्हणजे १,२०० तास, आणि १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक.

या मापाने दहावी तिसऱ्या पायरीवर आणि बारावी चौथ्या पायरीवर आहे. दोन वर्षांचा जोडारी अभ्यासक्रमही चौथ्या पायरीवर. बी.ए.चे पहिले वर्ष साडेचार, दुसरे पाच, तिसरे साडेपाच. चार वर्षे शिकून ऑनर्स मिळवली तर सहा. म्हणजे एक वर्ष बी.ए. करून कंटाळून घरी बसणारा साडेचारवर आणि दोन वर्षे कानस चालवून यंत्राची जोडणी शिकलेला चारवर! हे वाचून मला क्षणभर बरे वाटले, आणि लगेच त्या बरे वाटण्याचा संकोच वाटला. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या १,२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे असतात, २४० तास सिद्धांताचे आणि १२० तास रोजगारक्षमतेच्या विषयाचे. आमच्या १,२०० तासांत वाचनालयात बसून स्वतः करायचा अभ्यास गृहीत धरलेला आहे. तो किती जण करतात, हे प्राध्यापकांना सांगायला नको. तास कागदावर सारखे, पण लोखंड काही हजेरीपटावर कापले जात नाही.

पायरी ही एक गोष्ट आणि पात्रता ही दुसरी. खरा घोटाळा येथे होतो. पायरी वरची असली म्हणजे खालच्या पायरीची सगळी कामे आपल्याला मोकळी झाली, असे आपण समजतो. तसे नाही. तलाठीपदाच्या भरतीला कोणत्याही शाखेची पदवी लागते. दादा तेथे अर्ज करू शकत नाही. उलट, रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या जागेला दहावीबरोबर ठरावीक व्यवसायांचे आयटीआय प्रमाणपत्र किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण लागते. तेथे माझी साडेपाचवी पायरी निरुपयोगी आहे. मला जोडारी व्हायचे झाले तर दहावीची गुणपत्रिका शोधून काढून, सोळा वर्षांच्या मुलांबरोबर प्रवेशाच्या रांगेत उभे राहावे लागेल. बी.ए.चे गुण तेथे कोणी विचारणार नाही.

‘पदविका’ या शब्दाने तर अनेकांना फसवले आहे. तंत्रनिकेतनातील दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ देते आणि तिचे स्थान पक्के आहे. पण आमच्या वर्गातील एका मित्राने बारावीनंतर एका खाजगी क्लासमध्ये वर्षभर घालवून संगणकाची ‘शासनमान्य पदविका’ मिळवली. त्या पैशांसाठी घरची म्हैस विकली होती. नोकरीच्या वेळी कळले की शासनाकडे नोंदलेली होती ती संस्था. अभ्यासक्रमाला मान्यता अशी नव्हतीच. संस्था नोंदवणे आणि अभ्यासक्रमाला मान्यता मिळणे यांचा एकमेकांशी संबंध नाही. फी भरण्यापूर्वी दोनच गोष्टी विचाराव्यात: परीक्षा कोण घेते, आणि प्रमाणपत्रावर कोणत्या मंडळाचे किंवा विद्यापीठाचे नाव येते. कौशल्याचा अभ्यासक्रम असेल तर तो राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत आहे का आणि कोणत्या पायरीवर आहे, हे संगणकावर कोणालाही पाहता येते. मित्राने हे पाहिले नाही, कारण असे काही पाहायचे असते हेच आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

दोन रांगांमध्ये पूल आहेत, पण थोडे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दोन, दोन आणि तीन अशी सात वर्षे. बारावीमार्गे जाणाऱ्यापेक्षा एकच वर्ष अधिक, आणि वाटेत पोटापाण्याचे साधन हातात. आपल्या बाजूनेही एक पूल आहे, त्याची माहिती फारशी कोणाला नसते. शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि अभियंता नसलेल्या पदवीधरालाही, म्हणजे बी.ए. झालेल्यालाही, विद्यावेतनावर उमेदवारी करण्याचा मार्ग खुला झाला.

जर्मनीचे उदाहरण येथे उपयोगी पडते, कारण २०२४ साली महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आहे. दादासारखाच व्यवसाय तेथे साडेतीन वर्षे, कारखाना आणि शाळा दोन्हीकडे, शिकतात. बाहेरून आलेल्याचे प्रमाणपत्र त्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतात, कामाचा अनुभव जमेस धरतात आणि उरलेली तफावत लेखी कळवतात. ‘शिकलेला नाही’ अशा मोघम शेऱ्यापेक्षा हे बरे. शिवाय तेथे कारागिरीतच वर चढत ‘मायस्टर’ झालेला माणूस सहाव्या पायरीवर, म्हणजे विद्यापीठाच्या पदवीधराच्या बरोबरीने बसतो. आपल्याकडे निदेशकाचा अभ्यासक्रम सोडला तर वर जायला जोडाऱ्याला बहुधा जोडारीपणच सोडावे लागते.

दादाचे लग्न पुढे दुसरीकडे ठरले. वहिनी परिचारिका आहेत, परिचर्येची तीन वर्षांची पदविका घेतलेल्या. त्या बैठकीत शिक्षणाचा विषय निघण्यापूर्वीच त्यांनी दादाला विचारले, “रात्रपाळी महिन्यातून किती वेळा येते?” दोघांनी आपापल्या पाळ्यांचा हिशेब तेथेच मांडला. सुपारी त्या दिवशीही होती, पण ती कातरायला कोणाला सवड मिळाली नाही.