जिथे रस्ता संपतो, तिथे मासा भेटतो

मोबाइलवर नकाशा उघडा. कॅनडातला ऑन्टारिओ प्रांत शोधा आणि दोन बोटांनी झूम करत त्याच्या वायव्य कोपऱ्यात जा. सुरुवातीला सगळं हिरवं दिसेल. मग हळूहळू त्या हिरव्यात निळे ठिपके उमटायला लागतील. आणखी झूम केलंत की वाटेल, इथे जमिनीत पाणी आहे की पाण्यात जमीन? ऑन्टारिओत सुमारे अडीच लाख तलाव आहेत. हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी इथला जुना कातळ खरवडून काढला आणि सुमारे १०,००० वर्षांपूर्वी बर्फ मागे हटल्यावर त्या खळग्यांत पाणी साचून राहिलं. बहुतेक तलावांच्या काठाला गाव नाही, रस्ता नाही, विजेचा खांबही नाही.

अशाच तलावांच्या काठी लाकडी ओंडक्यांची, पत्र्याच्या छपराची घरं असतात. त्यांना लॉज म्हणतात. दरवर्षी मे ते सप्टेंबर या काळात हजारो लोक, विशेषतः अमेरिकेतले, तिथे आठवडाभर राहायला जातात. स्पा नाही, शॉपिंग नाही, बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. जायचं कशासाठी? तर दोन माशांसाठी. एक वॉलआय, दुसरा पाईक.

मी मालवणी आजीच्या हातची कढी खाऊन वाढलेली मुलगी. मासा म्हणजे बाजारातून आणायचा, कल्ले उघडून लालभडक आहेत का बघायचे आणि दुपारपर्यंत तव्यावर टाकायचा, एवढंच मला माहीत. एका माशासाठी लोक विमान भाड्याने घेतात, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं होतं.

पाण्यावर उतरणारं विमान

टोरोंटोत तुमचं कुणी नातेवाईक असेल, तर त्यांना विचारून बघा, केनोराला गेलात का कधी? बहुतेकांचं उत्तर नाही असंच येईल. एकाच प्रांतात असूनही टोरोंटोहून केनोरा गाडीने सुमारे १,९०० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्लीपेक्षाही जास्त! केनोराच्या पूर्वेला मोठ्या हमरस्त्यावरून एक फाटा उत्तरेला वळतो आणि १७० किलोमीटरच्या आसपास जंगलातून जाऊन रेड लेक नावाच्या गावी पोहोचतो. १९२६ मध्ये इथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. गाव संपलं की हमरस्ताही संपतो.

तिथून पुढे फ्लोटप्लेन. चाकांच्या जागी दोन लांबट तराफे असलेलं हे छोटं विमान तलावातूनच उडतं आणि तलावातच उतरतं. यातलं सगळ्यात लाडकं विमान म्हणजे डी हॅविलंड कंपनीचं बीव्हर. १९४७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, एकूण १,६५७ बनवली गेली आणि १९६७ मध्ये उत्पादन थांबलं. तरी आजही तीच जुनी विमानं नीट राखून वापरली जातात. आपल्याकडे जुनी राजदूत जपणारे काका असतात ना, तसंच थोडंसं. चढण्याआधी सामान काट्यावर तोललं जातं, कारण एवढ्याशा विमानात पाच-दहा किलोलाही किंमत असते. पायलट तुम्हाला उतरवून निघून जातो. इंजिनाचा आवाज विरला की मागे उरतो फक्त लून पक्ष्याचा लांबलचक हेल. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर हाच पक्षी आहे आणि त्याच्यामुळेच लोक त्या नाण्याला ‘लूनी’ म्हणतात.

राहण्याचे प्रकार साधारण तीन. एकात जेवण, होडी, वाटाड्या सगळं लॉजचं. दुसऱ्यात खोली आणि होडी त्यांची, स्वयंपाक तुमचा. तिसरा म्हणजे आउटपोस्ट. अख्ख्या तलावावर एकच झोपडी आणि तिच्यात फक्त तुम्ही. विमान ठरलेल्या दिवशी परत येईल, हवा खराब असेल तर एखादा दिवस उशिरानेही.

दुधाळ डोळ्यांचा मासा

वॉलआय हा सोनेरी-हिरवट, मध्यम आकाराचा मासा. त्याचे मोठे डोळे काचेसारखे, थोडे दुधाळ दिसतात. पहिल्यांदा फोटो बघाल तर मासा आंधळा आहे की काय, असं वाटेल. खरं तर उलट आहे. त्याच्या डोळ्यात आत एक चमकणारा थर असतो, मांजरीच्या डोळ्यात असतो तसाच. डोळ्यात आलेला प्रकाश हा थर परत फिरवतो, त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला चांगलं दिसतं. त्याच्या भक्ष्याला मात्र त्या वेळी नीट दिसत नसतं. म्हणून वॉलआयची जेवणाची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज.

यामुळे इथल्या मासेमारांची एक गंमत होते. सगळं जग सहलीला लख्ख ऊन मागतं, हे लोक मागतात ढग आणि थोडा वारा. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठल्या की सूर्यप्रकाश फुटतो, खोलवर कमी पोहोचतो आणि वॉलआय भर दिवसाही खायला बाहेर पडतो.

त्याला पकडायची रीत साधी आहे. शिशाचं छोटं डोकं असलेला गळ, त्याला एक लहान मासा किंवा रबरी आमिष. तळापर्यंत सोडायचं आणि हळूच वर-खाली नाचवायचं. कोकणात ज्याला गरवणं म्हणतात, तेच. मासा झडप घालत नाही, दोरीला फक्त एक हलकं ओझं जाणवतं. लहान मुलांनाही हे जमतं, म्हणून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एका होडीत बसलेल्या असतात.

नावाचा घोळ तेवढा लक्षात ठेवा. कॅनडातले बरेच लोक याला पिकरेल म्हणतात आणि क्यूबेकमध्ये फ्रेंच बोलणारे दोरे, म्हणजे सोनेरी. खरा पिकरेल हा वेगळाच मासा, पाईकच्या घराण्यातला. या भागातल्या मूळच्या अनिशिनाबे लोकांच्या भाषेत तो ओगा.

पाईकचं सगळंच वेगळं. लांबुळका, बदकाच्या चोचीसारखं चपटं तोंड, हिरव्या अंगावर फिकट ठिपके आणि तोंडभर दात. पाणवनस्पतींत निपचित उभा राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की बाणासारखा सुटतो. आपल्या मरळीची आठवण यावी असा. त्याचे दात साधी दोरी सहज तोडतात म्हणून गळाच्या आधी पोलादी तार बांधावी लागते. त्याच्यासाठी वापरतात ते आमिष म्हणजे चक्क चमचा! लाल-पांढऱ्या रंगाचा, वाटोळा, दांडा नसलेला धातूचा चमचा, जो पाण्यात लचकत चमकतो. पाईक जोरात झुंजतो, कधी होडीपर्यंत येऊन पुन्हा सुसाट पळतो. चवीलाही वाईट नाही, पण त्याच्यात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात. करली खाणाऱ्या घरातल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही म्हणा.

दुपारची पंगत

लॉजच्या दिवसाचा खरा सोहळा दुपारी असतो. सकाळी पकडलेले वॉलआय घेऊन होड्या एखाद्या कातळी बेटाला लागतात. वाटाड्या वाळकी लाकडं गोळा करून चूल पेटवतो, वल्ह्याच्या पात्यावरच मासा ठेवून काही मिनिटांत त्याचे बिनकाट्याचे तुकडे काढतो. मोठ्या लोखंडी कढईत बटाटे आणि कांदा, डब्यातल्या घेवड्याच्या बिया तशाच निखाऱ्यावर आणि शेवटी पीठ लावलेला मासा. याला शोअर लंच म्हणतात. तांदळाचं पीठ आणि लाल तिखट सोबत नेलं, तर काय बहार येईल, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

ही चूल पेटवणारे, कुठल्या खडकाखाली मासा आहे हे अचूक सांगणारे वाटाडे बऱ्याचदा अनिशिनाबे समाजातले असत आणि आजही असतात. तलाव त्यांना पिढ्यान् पिढ्या पाठ. पर्यटक फोटो घेऊन घरी जातात, ते तिथेच राहतात. म्हणूनच ग्रासी नॅरोजची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

ग्रासी नॅरोज

केनोराच्या उत्तरेला इंग्लिश-वॅबिगून नद्यांच्या काठी ग्रासी नॅरोज ही अनिशिनाबे वस्ती आहे. १९६० च्या दशकापर्यंत इथल्या लोकांचं जगणं वॉलआयवर चाललेलं होतं. घरात खायला तोच, विकायला तोच आणि रोजगारही त्याच्यामुळेच. पुरुष जवळच्या लॉजवर वाटाडे, बायका तिथेच स्वयंपाक आणि साफसफाईच्या कामाला.

नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावात कागदाचा कारखाना होता. कागद शुभ्र करायला क्लोरीन लागे आणि ते बनवणाऱ्या रसायन कारखान्यात पारा वापरत. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ टन पारा नदीत सोडला गेला.

पारा पाण्यात पडून नुसता तळाशी बसला असता, तर एक वेळ ठीक होतं. पण गाळातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विष बनवतात. ते किडे खातात, किडे लहान मासे, लहान मासे मोठे मासे. प्रत्येक पायरीवर विष साठत जातं, वाढत जातं. आणि या तलावांत शेवटच्या पायरीवर कोण? वॉलआय आणि पाईक. त्यांच्याही पुढची पायरी म्हणजे माणूस.

१९७० मध्ये माशांमधला पारा उघड झाला आणि तिथली व्यावसायिक मासेमारी बंद करण्यात आली. पर्यटकांसाठी मात्र ‘मौजेसाठी पकडा, खाऊ नका’ अशा अर्थाच्या सूचना लागल्या. बॉल लेक लॉजचे मालक बार्नी लॅम हे स्वतः पायलट, भागातले नावाजलेले लॉजवाले. पाहुण्यांना विषारी मासा वाढणं त्यांना पटलं नाही. त्यांनी त्याच वर्षी लॉजला कुलूप लावलं. निर्णय सरळ होता, पण त्याची झळ कुणाला बसली ते पाहा. वाटाड्यांची नोकरी गेली, विकायचा मासा गेला आणि ताटातला मासा विषारी झाला. तोही अशा वस्तीत, जी १९६३ मध्येच सरकारने जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली होती.

१९७५ मध्ये जपानचे डॉक्टर मासाझुमी हाराडा तिथे आले. मिनामाता या जपानी गावात पाऱ्याने झालेली विषबाधा त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासली होती. हातापायांना बधिरपणा, दृष्टीचा घेर आकसणं, चालताना तोल जाणं, अशी मिनामाताची लक्षणं त्यांना इथल्या लोकांतही आढळली. १९८५ मध्ये भरपाईचा करार झाला, पण तक्रारी संपल्या नाहीत. वस्तीचे माजी प्रमुख स्टीव्ह फॉबिस्टर यांनी २०१४ मध्ये, स्वतः आजारी असताना, उपोषण केलं. मागणी होती पाराबाधितांसाठी उपचार आणि देखभालीच्या घराची. २०१७ मध्ये प्रांत सरकारने नदी स्वच्छ करण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर जाहीर केले. देखभाल घराचा केंद्र सरकारशी करार झाला २०२० मध्ये. फॉबिस्टर २०१८ मध्येच वारले होते.

जाणार असाल तर

सगळे तलाव असे नाहीत, हेही सांगायला हवं. ड्रायडनच्या खालच्या अंगाची नदी वेगळी आणि शेकडो मैल दूरचा आउटपोस्ट तलाव वेगळा. पण पारा हवेतूनही पडतो, काही प्रमाणात खडकांतूनही येतो, म्हणून ऑन्टारिओ सरकार मासे खाण्याबाबत तलाववार माहिती देतं.

परवाना लागतोच, परदेशी पाहुण्यालाही. तो दोन प्रकारचा असतो, पूर्ण मर्यादेचा आणि कमी मासे ठेवू देणारा स्वस्त. वायव्य भागातल्या बऱ्याच ठिकाणी पूर्ण परवान्यावर चार वॉलआय ठेवता येतात आणि त्यातला एकच ४६ सेंटिमीटरपेक्षा मोठा चालतो. थंड पाण्यात मासा फार सावकाश वाढतो आणि मोठ्या माद्या जास्त अंडी घालतात, म्हणून मोठे मासे फोटो काढून पाण्यात सोडून देण्याचीच पद्धत आहे. वॉलआयचा हंगाम तिथे मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी उघडतो. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या अक्षरशः फोडून काढतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरची जाळी विसरू नका. मुलं लहान असतील, तर ऑगस्ट बरा.

आणि हे सगळं दूरचं वाटत असेल, तर बेंगळुरूच्या वाचकांना कावेरीकाठचे भीमेश्वरी आणि गालीबोरे हे कॅम्प आठवत असतील. महसीर पकडून पुन्हा सोडून देण्यासाठी तिथे जगभरातून लोक येत. पुढे वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं. आपल्या लोणावळ्याजवळ वळवण धरणावर टाटांच्या केंद्रात याच महसीरची पिल्लं वाढवली जातात.

ऑन्टारिओच्या त्या तक्त्याकडे मात्र परत यायला हवं. तलावाचं नाव शोधायचं, मग माशाचं, मग त्याची लांबी. समोर महिन्यातून किती वेळा खाल्लेला चालेल, तो आकडा येतो. मासा जितका मोठा, तितका आकडा लहान. गरोदर होऊ शकणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी वेगळा आकडा असतो, तो आणखी लहान. आजीला मी हे दाखवलं. तिचा पहिला प्रश्न होता, कल्ले बघून कळत नाही का? नाही कळत. पारा कल्ल्यांत दिसत नाही, वासाला येत नाही, धुऊन किंवा तळूनही जात नाही. तिने चष्मा लावून तो तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “आपल्याकडच्या खाडीचा असा कागद कुठे मिळतो गं?”