"साहेब, एक चिठ्ठी द्याल का?"

आमच्या सोसायटीच्या जिन्यातलं जुनं लोखंडी ग्रिल काढून नवं बसवलं, तेव्हाची गोष्ट. जुनं न्यायला नेहमीचे भंगारवाले काका आले. काट्याला लटकवून वजन केलं, अडतीस किलो भरलं. भावावरून थोडी ओढाताण झाली, मग पैसे मोजून दिले. सगळं झाल्यावर गाडी ढकलायच्या आधी ते सेक्रेटरींना म्हणाले, "साहेब, एक चिठ्ठी द्याल का? सोसायटीचा शिक्का मारून. ग्रिल तुम्ही विकलंय म्हणून."

सेक्रेटरी हसले. "अरे, भंगाराची कसली चिठ्ठी?"

काका हसले नाहीत. "पुढच्या चौकात कोणी विचारलं तर काय सांगू?"

मी पीएच.डी.साठी शहरातल्या भंगार व्यवसायाचा अभ्यास करते. "कशावर करतेस?" असं विचारणाऱ्याला हे सांगितलं की पुढचं वाक्य दोनपैकी एक असतं: "जपून हं, सगळे चोर असतात ते." किंवा "त्यातले निम्मे गर्दुल्लेच ना?" बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांनी ड्रेनेजचं झाकण चोरीला गेल्याची बातमी वाचलेली असते, पुलाखाली पोतं उशाला घेऊन नशेत पडलेला मुलगा पाहिलेला असतो. म्हणजे त्यांनी जे पाहिलंय ते खोटं नाही. त्यातून ते जो निष्कर्ष काढतात, तो चुकतो. कुठे चुकतो ते नीट उलगडून बघू.

आधी कोण कोण आहे ते. आपण सरसकट "भंगारवाला" म्हणतो, पण ही साखळी आहे. सगळ्यांत खाली कचरावेचक. कुंडीतून, उकिरड्यावरून, रस्त्यावरून पत्रा, बाटल्या, कागद वेचणारे. त्यांच्या वर गल्लीतून हाळी देत फिरणारे, घराघरातून वस्तू पैसे देऊन विकत घेणारे. आमचे काका त्यातले. त्यांच्या वर भंगाराचं दुकान, तिथे माल वेगळा होतो: लोखंड वेगळं, बीड वेगळं, पितळ, तांबं, जर्मन वेगळं. त्यांच्या वर एकेका धातूचा ठोक व्यापारी आणि शेवटी भट्टी. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत असंच भंगार वितळून त्याच्या सळया होतात. आमच्या जिन्यातलं ग्रिल कदाचित एखाद्या नव्या इमारतीच्या स्लॅबमध्ये जाऊन बसेल.

आता चोरीचं बघू. चोरीचं लोखंड, तांब्याची तार, नळाच्या पितळी तोट्या शेवटी भंगारातच जातात, हे खरंय. दुसरीकडे कुठे जाणार? पण "चोरीचा माल भंगारात जातो" हे एक विधान झालं आणि "भंगार गोळा करणारा चोर असतो" हे दुसरं. दोन्ही सारखी वाटतात, पण त्यांची दिशा उलटी आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त हिशेब समजावा म्हणून. समजा एका शहरात ५००० भंगार गोळा करणारे आहेत. वर्षात चोरीचा माल पकडल्याच्या १०० घटना झाल्या आणि त्यातल्या ८० मध्ये माल एखाद्या भंगार गोळा करणाऱ्याकडे सापडला. पोलिसांच्या नजरेतून बघा: चोरीचा माल सापडला की ऐंशी टक्के वेळा भंगारवालाच! पण गल्लीतून बघा: ५००० पैकी ८०, म्हणजे शंभरातले दोनसुद्धा नाहीत. उरलेल्या ४९२० जणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. आपण पहिला आकडा ऐकतो आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाला लावतो. तिथे घोळ होतो.

शिवाय ते ८० तरी नक्की कोण? पोतं पाठीवर टाकलं की कोणीही भंगारवाला दिसतो. या धंद्यात शिरायला भांडवल लागत नाही, कागद लागत नाहीत, ओळख लागत नाही. त्यामुळे चोराला या वेशात लपणं सोपं जातं. डॉक्टरांचा कोट घालून कोणी हॉस्पिटलात चोरी केली तर आपण डॉक्टरांना चोर म्हणत नाही. (म्हणायची हिंमतही होत नाही, तो भाग वेगळा.)

आणखी एक गोष्ट मला काकांबरोबर फिरताना कळली, पुस्तकात वाचून कळली नसती. फिरत्या भंगारवाल्याचं खरं भांडवल म्हणजे त्याची गल्ली. ठरलेल्या वारी ठरलेल्या गल्ल्या. आजी वरूनच ओळखतात, "थांब रे, रद्दी काढून ठेवलीय" म्हणतात. वॉचमन आत सोडतो. ही ओळख व्हायला वर्षं लागतात. एखाद्या सोसायटीतून नळाची तोटी गेली आणि संशय आला, तर फक्त ती सोसायटी बंद होत नाही, वॉचमन वॉचमनला सांगतो आणि अख्खी गल्ली बंद होते. एका तोटीसाठी एवढं कोण घालवेल? उलट हेच लोक संशयी माल घ्यायला कचरतात. काकांनी माझ्यासमोर एका पोराकडची नवी कोरी केबल घेतली नाही. "याची साल पण निघाली नाहीये अजून," एवढंच म्हणाले. त्यात कसला आदर्शवाद वगैरे नव्हता. त्यांना उद्या त्याच रस्त्याने जायचं होतं.

आणि धोका कोणाच्या खिशातून जातो तेही बघा. बरेच फिरते भंगारवाले सकाळी दुकानदाराकडून उचल घेऊन निघतात, त्या पैशातून दिवसभर माल घेतात, संध्याकाळी दुकानात घालून हिशेब करतात. वाटेत संशयावरून माल जप्त झाला की माल गेला, दिवस गेला, आणि उचल तशीच अंगावर.

पण चौकात विचारलं तर विचारतील ते कशाच्या आधारावर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल घेणं हा गुन्हा आहे. पण तिथे एक अट आहे: घेणाऱ्याला तो चोरीचा आहे हे माहीत हवं किंवा तसं मानायला त्याच्याकडे कारण हवं. ही अट महत्त्वाची आहे, ती प्रामाणिक माणसाचं रक्षण करते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मात्र थोडा वेगळा चालतो. त्यातलं कलम १२४ अशा वस्तूबद्दल आहे, जी चोरीची असावी असं मानायला जागा आहे. ती ज्याच्याकडे सापडली, त्याला ती कुठून आली याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर शिक्षा. खुलासा कोणी करायचा? ज्याच्याकडे माल आहे त्याने. आणि भंगाराला पावती नसते! आपल्यापैकी कोणी जुना पंखा विकताना पावती लिहून दिलीय? मी तरी कधी दिलेली नव्हती. म्हणजे खुलाशाला लागणारा कागद आपण देत नाही आणि तो नाही म्हणून संशय त्याच्यावर.

त्याच कायद्यातलं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणाऱ्यांविषयी आहे. त्यात घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय बाळगणं येतं, आणि चोर म्हणून ख्याती असलेल्या माणसाने रस्त्यात रेंगाळणंही येतं. आता कचरावेचक बाया कामाला कधी निघतात? पहाटे, उजाडायच्या आत, कारण उजाडल्यावर कुंडी रिकामी होते. भंगारवाल्याच्या पोत्यात काय असतं? हातोडी, छिन्नी, पक्कड, लोखंड ओळखायला चुंबक. कायदा यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय असं मी म्हणत नाही. पण "चोर म्हणून ख्याती" हे शब्द जिथे आहेत, तिथे लोकांच्या मनातला शिक्का आणि कायद्यातला शिक्का यांत अंतर फारसं राहत नाही.

हा शिक्का आजचा नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, पण पारधी समाजातल्या माणसाला विचारा, तो खरंच रद्द झाला का. अशा समाजांतली काही कुटुंबं शहरात आल्यावर भंगाराकडे वळली, कारण तिथे दाखला कोणी मागत नव्हतं. जुना शिक्का घेऊन आलेली माणसं नवा शिक्का असलेल्या कामात शिरली. पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य दलित समाजातल्या बाया आहेत, हाही निव्वळ योगायोग नाही.

ॲशफोर्थ आणि क्राइनर या दोन अभ्यासकांचा १९९९ चा एक लेख आमच्या क्षेत्रात सतत वापरला जातो. "घाणेरडं" समजलं जाणारं काम तीन तऱ्हेने डागाळतं, असं ते म्हणतात: शारीरिक डाग (घाण, धोका), सामाजिक डाग (ज्यांच्याशी संबंध येतो ती माणसं हलकी समजली जातात) आणि नैतिक डाग (कामच पापाचं किंवा संशयाचं). मला यात लक्ष वेधून घेतं ते हे, की भंगाराच्या बाबतीत पहिला डाग आपोआप तिसरा होतो. हात काळे दिसले की मनही काळं असेल असं धरलं जातं.

नशेचं काय? नशा करणारे काही जण भंगार विकतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला आत्ता, या तासाला, ओळखपत्र न दाखवता पन्नास-शंभर रुपये हवेत, त्याला हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. इथेही तीच उलटी दिशा. सॅन फ्रान्सिस्कोबद्दलची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. फिलिप बुर्ग्वा आणि जेफ शॉनबर्ग यांच्या २००९ च्या पुस्तकात हेरॉइनच्या आहारी गेलेली बेघर माणसं आहेत. भंगार, भीक, रोजंदारी, चोरी, जे मिळेल ते करणारी. टेरेसा गोवन यांच्या २०१० च्या पुस्तकात त्याच शहरात गाडी ढकलत डबे-बाटल्या गोळा करणारी बेघर माणसं आहेत. ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, आणि "आम्ही भीक मागत नाही, काम करतो" हा अभिमान. शहर एकच. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोघं सारखेच दिसणार.

गोवन यांच्या पुस्तकातला तो अभिमान मला इथेही दिसला आणि त्याची दुसरी बाजूही. "आम्ही तसले नाही, तसले ते पुलाखालचे." स्वतःवरचा शिक्का पुसायला माणूस तो शेजारच्यावर ढकलतो. एका मावशींनी तर मला बजावलं, "त्या सोल्यूशनवाल्या पोरांशी बोलू नको, नाव आमचं खराब होतं." त्या पोरांतली काही त्यांच्याच वस्तीतली होती.

शिक्का पुसायचा एक प्रयत्न पुण्यात झालाय आणि तो अभ्यासण्यासारखा आहे. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या आणि हमालांची संघटना बांधणारे बाबा आढाव त्यात होते. पंचायतीची एक मोठी मागणी ओळखपत्राची होती, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. पगार नाही, पेन्शन नाही, एक कार्ड! पण पहाटे पोलिसाने अडवल्यावर "तू कोण?" याला दाखवण्यासारखं काहीतरी हातात आलं. २००८ साली याच संघटनेतून स्वच्छ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली आणि ज्यांना गेटवर अडवत होते, त्या बाया रोज सकाळी दारोदार कचरा घ्यायला जाऊ लागल्या. त्यांनी कचऱ्यात सापडलेले दागिने परत केल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. मला त्या वाचून छान वाटतं आणि थोडं खटकतंही. बँकेच्या कॅशियरने पैसे चोरले नाहीत याची बातमी होत नाही.

कार्डाची मर्यादाही आहेच. ज्याच्याकडे कार्ड नाही, तो आता जास्तच संशयित. आमच्या काकांसारखे एकटे फिरणारे, किंवा परराज्यातून नुकते आलेले, यात मोडतात.

इंग्लंड-वेल्समध्ये धातूच्या चोऱ्या वाढल्यावर २०१३ साली कायदा झाला: भंगार रोखीत घ्यायचं नाही आणि विकणाऱ्याची ओळख तपासायची. यात मला पटलेली गोष्ट म्हणजे तपासायची जबाबदारी माल घेणाऱ्या व्यापाऱ्यावर आहे, ज्याच्याकडे दुकान आहे, वही आहे. न पटलेली गोष्ट म्हणजे रोखबंदी. संध्याकाळी हिशेब झाल्यावर पीठ घेऊन घरी जाणाऱ्याला इथे ती झेपणार नाही.

तोपर्यंत चिठ्ठीचं बघू. सेक्रेटरींनी शेवटी दिली, मीच लिहिली: तारीख, सोसायटीचं नाव, "जुने लोखंडी ग्रिल, ३८ किलो, विकले", सही, शिक्का. दोन मिनिटं लागली. काकांनी ती घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली. तिथे आधीच तीन-चार चिठ्ठ्या होत्या, एक तर शाळेच्या वहीच्या पानावर, पेन्सिलीने लिहिलेली: "जुना कूलर आम्ही दिला आहे. आजी, दुसरा मजला."