शेवटच्या ओळीतला जामीनदार

बँकेत कर्जाचा अर्ज भरताना माणसे सर्वांत कमी विचार करतात तो जामीनदाराचा. कर्ज किती, हप्ता किती, व्याजदर किती यावर घरात महिनाभर खल चालतो. आणि जामीनदाराच्या रकान्यात मात्र त्या दिवशी जो मित्र मोकळा असेल त्याची सही घेतली जाते. हप्ते वेळेवर जात असतात तोवर हा गृहस्थ कोणाला आठवतही नाही. तो खरोखर किती पाण्यात आहे हे कळते ते कर्ज थकल्यावरच. पस्तीस वर्षे अशा फायली चाळल्यामुळे असेल, पण कुठलाही कागद हाती आला की माझी नजर आधी त्या शेवटच्या रकान्याकडे जाते.

गेल्या वर्षी असाच एक कागद माझ्यासमोर आला. आमच्या इमारतीतल्या एका बाईंचा मुलगा बारावी झाला. त्याला अॅनिमेशन शिकायचे होते आणि, त्याने हेही प्रांजळपणे सांगितले, की गेमही खेळायचे होते. दोन्हींसाठी लागणारा संगणक एकच. बाईंचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मागे ठेवलेल्या मुदतठेवींपैकी एक मोडून हे यंत्र यायचे होते. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले नव्वद हजारांचे दरपत्रक माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "काका, मला यातलं काही कळत नाही. पण पैसे परत उभे राहायचे नाहीत, एवढं कळतं."

दरपत्रकात बारा ओळी होत्या. अकरा ओळींत कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक, हमीची वर्षे, सगळे व्यवस्थित. बारावी ओळ अशी : 'एसएमपीएस ५०० वॅट, रु. ११००.' नाव नाही, हमी नाही. मी विचारल्यावर मुलगा म्हणाला, "आजोबा, त्यात विशेष काही नसतं. तो फक्त करंट देतो."

'फक्त करंट देतो' हे खरेच आहे. पण मग हृदयही फक्त रक्तच पुरवते! भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह या पेटीत शिरतो आणि १२, ५ व ३.३ व्होल्टचा सरळ प्रवाह होऊन बाहेर पडतो. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स कार्ड अशा सगळ्यांचा घास याच एका हातून जातो. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या वीजपुरवठ्याची क्षमता अवघी ६३.५ वॅट होती. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड एकटेच ५७५ वॅटपर्यंत वीज घेते. एकेकाळी दोन दिव्यांच्या विजेवर चालणारे यंत्र आता इस्त्रीच्या पंगतीला जाऊन बसले आहे.

अर्थात प्रत्येक घराला एवढे अवजड यंत्र लागत नाही. आमच्या मुलाच्या यादीत रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० हे कार्ड होते. प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो, कार्ड ११५ वॅटपर्यंत. बोर्ड, मेमरी, डिस्क, पंखे यांना साठ-सत्तर वॅट धरले, तर बेरीज पावणेतीनशेच्या आसपास येते. कार्ड बनवणारी कंपनी मात्र ५५० वॅटचा पुरवठा घ्या म्हणते. हा विक्रीचा कावा नव्हे. ग्राफिक्स कार्डाची मागणी सरळ रेषेत चालत नाही. पडद्यावर एकदम गर्दी झाली, की सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ती कितीतरी वर उसळते. शाखेत एरवी दोन लाखांची रोकड पुरत असली, तरी एक तारखेला तेवढ्यावर काउंटर उघडता येत नाही, तसेच हे.

'साडेपाचशे' हा आकडा ऐकून बाईंना विजेच्या बिलाची धास्ती वाटली. ही शंका पुष्कळ घरांत असते, म्हणून सांगतो. पुरवठ्यावर लिहिलेला आकडा ही मर्यादा असते, वापर नव्हे. कॅश क्रेडिटची मर्यादा पाच लाखांची मंजूर झाली, तरी व्याज उचल केलेल्या रकमेवरच लागते. संगणक पावणेतीनशे वॅट मागत असेल, तर ५५० वॅटचा पुरवठा तेवढेच देतो, आणि निम्म्या भारावर काम करत असल्याने थंड व शांत राहतो.

खरी मेख त्या आकड्याच्या खरेपणात आहे. स्वस्त पेटीवर '५०० वॅट' असे ठळक छापलेले असते. त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला बाराने गुणावे. १८ अँपिअर असतील, तर उत्तर २१६ वॅट येते. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात. तेव्हा ती पाचशेची पेटी आपल्या कामापुरती दोनशेसोळाचीच. चांगल्या ५५० वॅटच्या पुरवठ्यात याच ओळीत ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. जामीनदाराने सांगितलेली मिळकत आणि सातबाऱ्यावरची मिळकत यांत जो फरक असतो, तो असा एका गुणाकारात उघडा पडतो.

दुसरी गोष्ट '८० प्लस' या शिक्क्याची. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज कामी आली आणि किती उष्णता होऊन वाया गेली, याचा तो दाखला. त्यात ब्रॉन्झपासून टायटॅनियमपर्यंत पायऱ्या आहेत. निम्म्या भारावर ब्रॉन्झची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या घरात, गोल्डची ९० च्या. आता हिशेब करू. तीनशे वॅटचे काम, रोज तीन तास, महिनाभर; दोहोंतला फरक जेमतेम १.८ युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले, तर महिन्याला अठरा रुपये. त्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजणे साध्या घराला परवडणारे नाही. शिवाय हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. संरक्षणाची हमी त्यात नसते.

आणि जिवाशी गाठ आहे ती संरक्षणाशीच. दाब वाढला, प्रवाह वाढला, शॉर्ट झाले, भार झेपेनासा झाला किंवा पेटी तापली, तर चांगला पुरवठा स्वतःहून बंद पडतो. हलक्या पुरवठ्यात ही व्यवस्था अर्धवट असते किंवा नसतेच. तो जळताना भलताच दाब पुढे सोडून बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतो. म्हणजे अकराशेची वस्तू नव्वद हजारांना बुडवणार. यात आणखी भर उन्हाळ्याची. आतले कपॅसिटर तापमान वाढेल तसे लवकर थकतात. दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे, असा ढोबळ आडाखा आहे. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि पाच वा अधिक वर्षांची हमी, या दोन गोष्टी दुकानदाराला विचारून घ्याव्यात. जो जामीनदार पाच वर्षे उभा राहायला लेखी तयार असतो, त्याची ऐपत सहसा खरी असते.

आपल्या घरांपुरत्या आणखी काही गोष्टी. जुन्या इमारतींत तीन पिनांची खोबण असते, पण अर्थिंगची तार पोहोचलेलीच नसते. मग कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तो संगणकाचा दोष नव्हे. आधी वायरमनला बोलवावे. यूपीएसवरचे '६०० व्हीए' म्हणजे ६०० वॅट नव्हेत, बहुधा ३६० च असतात. पडद्यासह हे यंत्र त्या काठावर जाते, तेव्हा हजार व्हीएचा घ्यावा. सुट्ट्या केबलींचा पुरवठा बदलला, तर जुन्या केबली नव्याला लावू नयेत. टोके बसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. आणि पेटी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा भार साठून राहू शकतो.

दरपत्रक अखेर बदलले. रंगीत दिवे आणि काचेची भिंत असलेले कॅबिनेट जाऊन साधे पत्र्याचे आले आणि वाचलेले तीन-सव्वातीन हजार बाराव्या ओळीत गेले. तिथे आता नाव होते, ब्रॉन्झचा शिक्का होता आणि पाच वर्षांची हमी होती. एकूण रक्कम नव्वद हजारच राहिली. मुलगा थोडा हिरमुसला. "कॅबिनेट बंद केल्यावर तो दिसणारसुद्धा नाही," तो म्हणाला. त्याचे वय दिसण्याचेच आहे. मी वाद घातला नाही. बाईंनी मात्र ठेवीची पावती काढून देण्यापूर्वी ती बारावी ओळ दोनदा वाचली.

ज्या घरांतून यंदा असे यंत्र यायचे आहे, तिथल्या वडीलधाऱ्यांनी 'आम्हाला त्यातलं कळत नाही' म्हणून बाजूला बसू नये. प्रोसेसर आणि कार्ड यांतले मुलांना आपल्यापेक्षा खूप जास्त कळते. ते त्यांच्यावर सोडावे. आपण एवढेच करावे : दरपत्रक हाती आले, की ते शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्यावे आणि बाराचा गुणाकार करून पाहावा.