आईचें मन आणि मुलाचें मन

मुलांच्या शरीराच्या पोषणाविषयीं आपण सर्वच दक्ष असतों. दूध किती प्यालें, डबा रिकामा आला कीं भरलेला, उंची किती वाढली, सहामाहींत गुण किती पडले, या सर्वांचा हिशेब घरोघर ठेविला जातो. परंतु मुलाच्या मनास रोज काय मिळतें याचा हिशेब क्वचितच कोणी ठेवितो. शरीर उपाशी राहिलें तर तें लवकर दिसतें; मन उपाशी राहिलें तर तें पुष्कळ वर्षें दिसत नाहीं, आणि दिसूं लागतें तेव्हां आपण त्यास हट्ट, आळस, उद्धटपणा किंवा घुमेपणा अशीं निराळींच नांवें देतों. हा अंक विद्यार्थी व पालक दोघेहि वाचतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार दोघांपुढेंहि मांडावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम मुलाचें मन घडतें कसें तें पाहूं. नुकतेंच जन्मलेलें मूल स्वतःच्या भावना ओळखीत नाहीं. भूक, भीति, थंडी, एकटेपणा हीं सर्व त्यास एकाच रडण्यानें सांगावीं लागतात. आई त्या रडण्याचा अर्थ लाविते, मुलास उचलून घेते आणि "भूक लागली होय रे बाळा?" असें म्हणते. दिवसांतून अनेक वेळां असें घडतें, व त्यांतून मूल दोन गोष्टी शिकतें : आपल्या दुःखाला नांव आहे, आणि दुःखावर उपाय आहे. पुढें शाळेंत गेल्यावर जो मुलगा राग आवरूं शकतो, हरला तरी पुन्हां खेळावयास येतो, त्याच्या अंगच्या या गुणाचा पाया त्या मांडीवर घातलेला असतो.

ही केवळ कविकल्पना नव्हे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एड्वर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी यांनीं १९७८ सालीं आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. आईनें प्रथम आपल्या तान्ह्या मुलाशीं नेहमींप्रमाणें खेळावें, हंसावें, बोलावें. नंतर कांहीं मिनिटें त्याच्याकडे पाहत राहावें, परंतु चेहरा अगदीं निर्विकार ठेवावा, इतकाच तो प्रयोग. मूल प्रथम हंसून पाहतें, हात पुढें करितें, हुंकार देतें. आईचा चेहरा तरी हालत नाहीं असें दिसतांच तें अस्वस्थ होतें आणि शेवटीं तोंड फिरवून घेतें. प्रयोग संपतांच आई हंसते व मूल सांवरतें. परंतु ज्या घरीं आईचा चेहरा मिनिटेंच नव्हे, तर महिनेच्या महिने असा विझलेला राहतो, तेथें मुलाची काय स्थिति होत असेल याचा वाचकांनीं विचार करावा.

आईचा चेहरा असा कां विझतो? कोणी म्हणेल, आळस. कोणी म्हणेल, नखरे. कोणी म्हणेल, बाळंतपण कोणाला चुकलें आहे? परंतु बाळंतपणाच्या सुमारास पुष्कळ स्त्रियांस खिन्नतेचा विकार जडतो, व त्यास हल्लीं नैराश्य म्हणतात. झोंप लागत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, कशांतच मन रमत नाहीं, उगाच रडूं येतें, आपण नालायक आई आहों असें वाटतें, आणि क्वचित् जीव नकोसा होतो. हा हिंवतापासारखाच एक आजार आहे व तो बरा होतो.

आपल्या शेजारच्या गोव्यांत याचा चांगला अभ्यास झालेला आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं म्हापसें येथील इस्पितळांत येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांची पाहणी केली, आणि ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं शेंकडा २३ स्त्रियांस हा विकार असल्याचें आढळलें. बहुतेकींस मनाचा त्रास गरोदरपणांतच सुरू झालेला होता. ज्यांच्या घरीं दारिद्र्य, ज्यांचें नवऱ्याशीं पटत नाहीं, ज्यांस मार खावा लागतो, त्यांस हा धोका अधिक. आणि अशा घरांत मुलगा हवा असतां मुलगी झाली तर तो आणखीच वाढतो. मुलगी झाल्याबद्दल आईला टोमणे मारणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां एकदां वाचावें. पुढच्याच वर्षीं याच मंडळींनीं असें दाखविलें कीं, अशा आयांचीं मुलें सहा महिन्यांचीं झालीं तेव्हां त्यांत वजन कमी असलेल्यांचें प्रमाण अधिक होतें व बुद्धीच्या वाढींतहि तीं मागें होतीं. म्हणजे आईच्या मनाची उपासमार मुलाच्या शरीरापर्यंत पोहोंचते.

आमच्या माजिवड्याकडे पाहिलें तर या गोष्टीचें महत्त्व अधिकच पटतें. मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता व घोडबंदरचा रस्ता जेथें मिळतात तेथें एके काळीं भातशेती होती. आज वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती आहेत. माहेरीं बाळंतपण होतें तोंपर्यंत शेक-शेगडी, तेलपाणी, डिंकाचे लाडू आणि चार बायकांची सोबत असते. पुढें ओली बाळंतीण तीन महिन्यांनीं परत येते ती कोणाचीहि ओळख नसलेल्या बंद दाराआड. नवरा सकाळच्या गाडीनें जातो तो रात्रीं येतो. दिवसभर बोलावयास मूल, आणि मुलाला तर बोलतां येत नाहीं!

त्यांतच ठाण्याच्या नांवाला चिकटलेली एक थट्टा आहे. १९०१ सालीं आपल्या शहरांत मनोरुग्णांचें इस्पितळ सुरू झालें. असंख्य दुःखी जीवांस त्यानें आसरा दिला. परंतु लोकांनीं त्याचें नांव चेष्टेचें केलें. कोणी जरा विचित्र वागला कीं "याला ठाण्याला पाठवा" असें सबंध महाराष्ट्र म्हणतो, आणि आमचीं मुलेंहि वर्गांत म्हणतात. विनोद लहानसा; परंतु तो ऐकत वाढलेली मुलगी पुढें आई होते, तिचें मन आजारी पडतें, आणि मदत मागण्याची तिला लाज वाटते. विद्यार्थ्यांनीं ही थट्टा सोडली तर एका अर्थीं तें औषधच होईल.

आतां दुसऱ्या गोष्टीकडे वळूं. ती म्हणजे मुलांस होणारी मारहाण व अपमान. भारत सरकारच्या महिला व बालविकास खात्यानें २००७ सालीं एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्र धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस तींत प्रश्न विचारले होते. दर तीन मुलांपैकीं दोघांनीं आपणांस शारीरिक मारहाण होते असें सांगितलें. छडीवांचून विद्या नाहीं असें मानणाऱ्या पिढ्यांचें हें देणें आहे, आणि त्यांत घरें व शाळा दोन्ही आलीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शाळेंत मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस मनाई केली आहे. ती आम्हां शिक्षकांस जितकी लागू, तितकीच तिच्यामागील समजूत घरासहि लागू आहे.

मारानें काय होतें? संकट दिसतांच शरीर पळावयास किंवा लढावयास सज्ज होतें. छाती धडधडते आणि कॉर्टिसॉल नांवाचा द्रव रक्तांत वाढतो. संकट टळलें कीं सर्व शांत व्हावें अशी निसर्गाची योजना आहे. परंतु ज्या मुलाचें संकट घरांतच राहतें, त्याच्या शरीरांतील ही घंटा वाजतच राहते. असें मूल पुस्तकाकडे पाहतें, पण त्याचे कान दाराकडे असतात. कोणी सहज हात वर केला तरी तें दचकतें. दुसरें एखादें मूल धाकट्या मुलांस मारूं लागतें; कारण बलवान् असेल त्यानें मारावें हाच धडा तें शिकलेलें असतें. तिसरें मूल अतिशय शहाणें असतें. कधीं कांहीं मागत नाहीं, भांडत नाहीं, घरीं आईचें मन राखण्यांत आपलें बालपण खर्चून टाकितें. या तिसऱ्या मुलाची आपण स्तुति करितों, आणि त्याचेंच दुःख आपणांस सर्वांत उशिरां कळतें.

या सर्व मुलांत एक गोष्ट सारखी असते : घरांत जें बिघडलें आहे तें आपल्यामुळेंच, असें त्यांना वाटतें. अमेरिकेंत १९९८ सालीं डॉ. फेलिटी व डॉ. आंडा यांनीं नऊ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. बालपणीं मार, अपमान, आईला होणारी मारहाण, घरांतील कोणाचा मानसिक आजार अशीं संकटें ज्यांनीं जितकीं अधिक सोसलीं, तितकें त्यांच्यांत मोठेपणीं नैराश्य, व्यसन व हृदयविकारासारखे रोगहि अधिक आढळले.

ही हकीगत परक्या देशाची म्हणून कोणी बाजूस सारूं नये. लक्ष्मीबाई टिळकांचीं "स्मृतिचित्रें" १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालीं, व तीं आमच्या समाजांत घरोघर वाचलीं गेलीं. त्यांत अशा दोन बालपणांची कथा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे १८६८-६९ च्या सुमारास आपल्या शेजारच्या कल्याणांत प्राथमिक शाळेंत होते. त्यांचे वडील अत्यंत कोपिष्ट होते, आणि त्या कोपाची झळ आई व मुलगा दोघांसहि लागली. ममताळू आई मुलाच्या लहानपणींच वारली, व मुलगा घर सोडून नाशिकास गेला. लक्ष्मीबाईंचें माहेर निराळें, परंतु छाया तीच. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांस फांशीं दिलें गेलें, त्या धक्क्यानें त्यांच्या वडिलांचें मन बिघडलें आणि सोंवळ्याच्या वेडानें सारें घर धाकांत राहिलें. एका माणसाच्या मनास झालेली जखम न बोललेली राहिली, आणि ती पुढच्या पिढीस पोहोंचली.

परंतु ही कथा येथेंच संपत नाहीं. टिळकांस नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यासारखे गुरु लाभले व त्यांच्यापाशीं काव्याचें शिक्षण मिळालें. वडिलांचा तापटपणा त्यांच्यांतहि उतरला होता. लक्ष्मीबाईंनीं तो कोठें लपविलेला नाहीं. तथापि तेच टिळक फुलामुलांचे कवि म्हणून महाराष्ट्रास प्रिय झाले, आणि या दंपतीनें पुढें अनाथ मुलांस आपल्या घरांत घेतलें. ज्यास प्रेमाची वाण पडली तो प्रेम देऊं शकत नाहीं, हा सिद्धांत खरा नव्हे. जखम राहते, पण वाटेंत कोणी हात धरणारा भेटला तर तिच्यासकट मनुष्य उभा राहतो.

शास्त्रहि हेंच सांगतें. हवाई बेटांपैकीं कवाई बेटावर १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मोठेपणापर्यंत लक्ष ठेविलें. त्यांपैकीं जीं मुलें फार कठीण परिस्थितींत वाढलीं, त्यांतलीं सुमारें एक तृतीयांश कर्तीं व प्रेमळ माणसें झालीं. त्यांच्या आयुष्यांत निदान एक तरी स्थिर, विश्वासू व प्रेमळ मोठें माणूस होतें : आजी, काका, शेजारीण किंवा शिक्षक.

आईविषयींहि अशीच आशा आहे. पाकिस्तानांतील रावळपिंडी जिल्ह्यांत खेड्यापाड्यांतील आरोग्यसेविकांनीं घरीं जाऊन खिन्न आयांशीं ठराविक पद्धतीनें बोलणें सुरू केलें. २००८ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर अशा भेटी मिळालेल्यांपैकीं शेंकडा २३ स्त्रियाच आजारी राहिल्या होत्या. हें विशेष बोलणें ज्यांना मिळालें नाहीं त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ५३ होतें. पुढें गोव्यांतहि २८० गरोदर स्त्रियांवर हा प्रयोग झाला व त्यांत साध्यासुध्या गृहिणींस शिकवून तयार केलें होतें. तेथील फरक लहान होता, पण तो चांगल्याच दिशेचा होता. ममतेनें ऐकून घेणारें माणूस हा उपचाराचा अर्धा भाग आहे असेंच यावरून दिसतें.

म्हणून आमच्या पालकवर्गास विनंती आहे. वडिलांनीं घरीं येतांच मुलाचे गुण विचारण्याआधीं पत्नीस "आज दिवस कसा गेला?" असें विचारावें, आणि रात्रीं मूल थोडा वेळ आपल्या खांद्यावर घ्यावें. सासूबाईंनीं व आत्याबाईंनीं सुनेला दोन घटका झोंपूं द्यावें. दोन आठवड्यांहून अधिक काळ खिन्नता राहिली तर ताप आल्यावर जसें डॉक्टरांकडे जातों तसें जावें. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलिमानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सल्ला देत आहे. नियम मोडल्यास मुलास त्याचे परिणाम अवश्य भोगूं द्यावे, परंतु हात उगारूं नये. कठोरपणा व क्रूरपणा हे एक नव्हेत. आणि रागाच्या भरांत कांहीं अधिकउणें झालेंच, तर मुलापाशीं जाऊन तसें स्पष्ट सांगावें. त्यानें आईबापांचा मान कमी होत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि दोन शब्द. तुमची आई दुःखी असली, किंवा घरांत भांडणें होत असलीं, तर त्याचें कारण तुम्ही नाहीं. तुम्ही अधिक गुण मिळविल्यानें तो आजार जाणार नाहीं, आणि कमी मिळविल्यानें तो आलेलाहि नाहीं. तुम्हांस मार बसत असेल किंवा कोणी छळत असेल, तर गप्प राहूं नका. ज्या मोठ्या माणसावर तुमचा विश्वास आहे त्यास सांगा. कोणी नसेल तर १०९८ या क्रमांकावर मुलांसाठींच मदत मिळते. तुमच्या बांकावरचा सोबती एकाएकीं गप्प झाला, अभ्यासांत मागें पडला, तर त्यास हंसूं नका. मधल्या सुट्टींत त्याच्याजवळ जाऊन बसा.

मुलाच्या भावी आयुष्याची तरतूद म्हणून आपण विमे उतरवितों, शिकवण्या लावितों. त्याआधीं, आणि त्याहून स्वस्तांत, होणारी एक तरतूद आहे : त्याच्या आईचें मन सांभाळणें आणि त्याच्या पाठीवर माराऐवजीं मायेचा हात ठेवणें. तीस फी पडत नाहीं, आणि ती आजच सुरू करितां येते.